यात काम काय करता, ताई?

लॅपटॉपच्या स्क्रीनवर उमटलेली उभी रेघ देवनागरी वाचणाऱ्याला जितका ताप देते तितका इंग्रजी वाचणाऱ्याला देत नसावी. इंग्रजी ओळीतून रेघ गेली तर ती रेघच राहते. आपल्याकडे तिचा काना होतो. ‘बल’मधल्या दोन अक्षरांच्या मध्ये ती उभी राहिली की ‘बाल’ झालंच म्हणून समजा. ‘मन’चं ‘मान’, ‘कर’ची ‘कार’, ‘गळा’चा ‘गाळा’. अभंगांची पानं लावायला घेतली असतील तर आणखीच मजा, कारण तिथं चरणाच्या शेवटी दंड असतोच. त्यातला संतांचा कुठला आणि लॅपटॉपचा कुठला, हे शोधत बसा.

माझं काम छापायच्या पुस्तकांची पानं लावण्याचं आणि प्रुफं तपासण्याचं. काना-मात्रेवरच पोट. त्यामुळे माझ्या जुन्या लॅपटॉपवर रेघ आल्या आल्या एक युक्ती हाताला लागली. शंका आली की पान किंचित डावीकडे सरकवायचं. काना मजकुराबरोबर सरकला तर तो लेखकाचा. जागचा हलला नाही तर स्क्रीनचा. एकदा सवय झाली की हात आपोआप सरकवतो, डोळ्याला सांगावं लागत नाही. मुलगी म्हणाली, “आई, तू वाचताना पान सारखं हलवतेस, बघून चक्कर येते मला.” मग पुढचं वाक्य, जे घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी तयार होतं: “टाक ना तो आता. नवीन घे.”

नवीन घ्यायला माझी ना नाही. घेतलाही आहे, ई-मेल आणि बँकेची कामं त्याच्यावर चालतात. पण जुन्याचं जे काम आहे ते नव्याला येत नाही, आणि ते का येत नाही हे प्रकाशन व्यवसायाबाहेरच्या माणसाला सांगताना माझी दरवेळी दमछाक होते. तरी सांगते. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बराच काळ मराठी पुस्तकं पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लागत होती, श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या फॉन्टमध्ये. त्या फॉन्टची करामत अशी की आतून तो मजकूर मराठी नसतोच. संगणकाच्या दृष्टीनं ती इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं आणि कंस असतात; फॉन्ट फक्त त्यांच्या जागी क, ख, वेलांट्या आणि रफारांचे आकार दाखवतो. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडा, सगळी खिचडी. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी 1991 पासून आहे, पण पेजमेकरला ती कधी जमली नाही, आणि पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, 2001 सालची. म्हणजे एका बाजूला ज्यात पुस्तकं लागली ते सॉफ्टवेअर थांबलं, दुसऱ्या बाजूला पुस्तकांची मागणी काही थांबली नाही. दुसरी आवृत्ती काढायची असली की प्रकाशकाचा फोन येतो: “मूळ फाइल आहे ना तुमच्याकडे?” आहे. फक्त ती याच लॅपटॉपवर उघडते. विंडोज सेव्हन, पेजमेकर, फॉन्टचं सॉफ्टवेअर आणि यूएसबीला लावायचा त्याचा डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, असा हा जमलेला संसार आहे. विंडोज सेव्हनचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, कंपनीनं 14 जानेवारी 2020 ला काढून घेतला, तेव्हापासून मी याला इंटरनेटला लावत नाही. बाकी हा कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

तर रेघ. सुरुवातीला ती काळी नव्हती. पांढऱ्या पानावर केसाएवढी, जांभळट गुलाबी. रंग बघून मला वाटलं काहीतरी चिकटलंय, नखानं खरवडूनही पाहिलं. मग जरा वाचलं तेव्हा त्या गुलाबी रंगाचा हिशोब कळला. माझ्या स्क्रीनवर आडवे 1366 आणि उभे 768 ठिपके आहेत, म्हणजे साधारण साडेदहा लाख. प्रत्येक ठिपक्याचे पुन्हा तीन भाग: लाल, हिरवा, निळा. म्हणजे डावीकडून उजवीकडे मोजत गेलं तर 4098 उभ्या रांगा, आणि प्रत्येक रांगेला काठावरच्या एका चिपमधून स्वतंत्र तार. पांढरं दिसायला तिन्ही लागतात. हिरव्याची एकच तार बिघडून हिरवा अडला की लाल आणि निळा मिळून तो गुलाबी उरतो. रेघ हिरवी दिसली असती तर लाल आणि निळ्याकडे बोट दाखवायचं. पुढे पावसाळा लागला आणि शेजारच्या दोन तारांनीही राजीनामा दिला. रेघ काळी झाली, आणि तिचा काना झाला तो तेव्हा. आडवी रेघ आली असती तर निदान शिरोरेषेत खपून गेली असती.

या स्क्रीनच्या आत जो द्रव आहे त्याची गोष्ट गाजरापासून सुरू होते, हे मला इतकं आवडलं की इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1888 साली प्रागमध्ये फ्रीड्रिश रायनिट्झर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातल्या कोलेस्टेरॉलच्या जातीच्या पदार्थांवर काम करत होता. त्यातला एक पदार्थ दोनदा वितळायचा. 145.5 अंशांना वितळून गढूळ व्हायचा आणि 178.5 अंशांना एकदम नितळ. मधली ती गढूळ अवस्था धड घन नाही, धड द्रव नाही. त्यानं ते जर्मनीत ओटो लेमान या भौतिकशास्त्रज्ञाला कळवलं, आणि पुढे ‘द्रवस्फटिक’ ही नवी जमात मान्य झाली. आजच्यासारख्या स्क्रीनसाठी त्याचा उपयोग कसा करायचा, हे कळायला 1970 उजाडावं लागलं. तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये शाड्ट आणि हेल्फ्रिश या संशोधकांनी दोन काचांमध्ये हे रेणू पाव वळसा पीळ देऊन बसवले. वीज नसली की पिळातून प्रकाश वळून पलीकडे जातो, वीज दिली की पीळ सुटतो आणि प्रकाश अडतो. आपल्याकडे बंगळूरला सी. व्ही. रामन यांचे भाचे एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये चकतीसारख्या रेणूंचेही द्रवस्फटिक असतात हे दाखवून दिलं. एवढ्या मोठ्या वंशावळीचा द्रव माझ्या टेबलावर काना काढत बसला होता.

यातून माझ्या कामाची गोष्ट एवढीच निघाली की हा द्रव स्वतः उजळत नाही. तो फक्त मागून येणारा प्रकाश अडवतो किंवा सोडतो. म्हणजे स्क्रीनची दुखणी दोन जातींची: चित्र बिघडतं, नाहीतर मागचा दिवा बिघडतो. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही वेळा ‘स्क्रीन गेली’ एवढंच दिसतं.

दिव्याची पाळी नवरात्राच्या तोंडावर आली. दिवाळी अंकांच्या दिवसांत आमच्या धंद्यात कुणाला बोलायला वेळ नसतो. रात्री उशिरापर्यंत पानं चालू होती. पंख्याचा वारा झाकणाला लागत होता म्हणून मी झाकण थोडं मागे केलं आणि स्क्रीन काळी झाली. आवाज चालू, कीबोर्डवरचा दिवा चालू, पंखा घुरघुरतोय, फक्त समोर अंधार. आधी घाम फुटला, कारण शेवटचं सेव्ह कधी केलं होतं ते आठवेना. मग मोबाइलचा टॉर्च लावून स्क्रीनवर तिरका धरला. काचेच्या आत, विहिरीच्या तळाशी दिसावं तसं, माझं पान दिसत होतं. डावीकडचं शीर्षक, दोन रकाने, मध्ये जाहिरातीची मोकळी चौकट. सगळं जागच्या जागी, फक्त उजेड नाही. डाव्या हातात टॉर्च धरून उजव्या हातानं कंट्रोल-एस दाबलं, खालच्या पट्टीत बारीकशी हालचाल झाली ती टॉर्चच्या गोल उजेडात बघितली, आणि मग झाकण पुढे ओढलं. लख्ख. पुन्हा मागे, काळोख. म्हणजे दिवाही शाबूत होता. त्याच्यापर्यंत पोचणारी वीज झाकणाच्या एका विशिष्ट कोनात तुटत होती.

त्या आठवड्यात लॅपटॉप हॉलमधल्या टीव्हीला जोडला. एचडीएमआयची केबल, विंडोजची किल्ली धरून पी, झालं. टीव्हीवर रेघ नाही, काळोख नाही, पान स्वच्छ. फक्त चारी कडा कापलेल्या दिसत होत्या, पानाचे आकडे गायब. हा टीव्हीचा जुना स्वभाव आहे, चित्र थोडं फुगवून कडा बाहेर ढकलायचा. त्याच्या सेटिंगमध्ये चित्राचं माप ‘जसं आहे तसं’ करून घेतलं की आकडे परत येतात. भिंतीएवढी वेलांटी तपासायची सवय नव्हती, पण सांगते, अनुस्वार इतके स्पष्ट मी आयुष्यात पाहिले नाहीत. अडचण होती ती संध्याकाळी. सासूबाईंच्या मालिका साडेसातला सुरू होतात आणि त्यांच्या दृष्टीनं टीव्हीवर दिवाळी अंक लावणं हा शुद्ध अतिक्रमणाचा मामला होता. “बाई, तुझं ते वाचून झालं की सांग,” असं म्हणून त्या समोरच्या खुर्चीत येऊन बसायच्या आणि माझी प्रुफं वाचायच्या. एका कथेतला ‘आशिर्वाद’ त्यांनी पकडला, तेव्हापासून त्यांना थोडा वेळ वाढवून द्यावा लागला.

टीव्हीवर चित्र स्वच्छ येतं याचा अर्थ साधा आहे. चित्र तयार करणारा भाग धडधाकट आहे, रोग त्याच्या पुढे, केबलीत किंवा पॅनलमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या काचेत आहे. हे ज्ञान बरोबर घेऊन मी आधी घराजवळच्या एका चकचकीत दुकानात गेले. काचेचं दार, एसी, काउंटरवरचा मुलगा टायमध्ये. त्यानं लॅपटॉप उलटा करून खालचं स्टिकर वाचलं आणि चालूही न करता सांगितलं, “मॅडम, हे मॉडेल बंद झालंय. बोर्ड गेलेला असणार. एक्स्चेंजला दोन हजार देऊ.” मी म्हटलं, टीव्हीवर चित्र व्यवस्थित येतं. तो म्हणाला, टीव्हीचं वेगळं असतं. वेगळं काही नसतं, पण एसीमध्ये उभं राहून वाद घालायला माझ्याकडे वेळ नव्हता. त्या मुलाचाही फार दोष नाही म्हणा. त्याला शिकवलंय ते वय बघून भाव करायला, आणि वयाप्रमाणे तो दोन हजार म्हणाला.

मग लॅमिंग्टन रोड. पाटीवर ‘डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग’ असं नाव आहे, पण 1903 ते 1907 या काळात गव्हर्नर असलेल्या लॅमिंग्टनसाहेबाला मुंबईचे रेडिओवाले आणि संगणकवाले सोडायला तयार नाहीत. मुलुंडहून दादर, तिथून पश्चिमेची गाडी, ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं. लेडीज डब्यात लॅपटॉपची बॅग पुढे छातीशी धरायची आणि झाकणाची बाजू आपल्या अंगाकडे ठेवायची, बाहेरच्या बाजूला नाही. दादरला चढणाऱ्यांची कोपरं कशी असतात हे ज्यांना माहीत आहे त्यांना कारण विचारावं लागणार नाही. बॅगेत चार्जरची वीट झाकणावर टेकू द्यायची नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. गर्दीत दाब पडला की तिथं कायमचा पांढरा डाग उमटतो.

या रस्त्याला खाली विक्री आणि वर दुरुस्ती असा भेद आहे. खालच्या दुकानांत खोकी छतापर्यंत रचलेली असतात आणि प्रत्येक जण तुम्हाला ‘बोलो’ म्हणतो. वर जायला लाकडी जिना, कठडा हातानं गुळगुळीत झालेला. माझ्या ओळखीच्या छापखानेवाल्यानं ज्याच्याकडे पाठवलं तो एका खोलीच्या अर्ध्या भागात बसतो. टेबलावर निळी रबराची चटई, बाटल्यांच्या झाकणांत वेगवेगळ्या लॅपटॉपचे स्क्रू, कोपऱ्यात तापलेल्या सोल्डरचा वास. तिशीतला मुलगा, बोलण्यात कोकण. त्यानं मॉडेल विचारलं नाही, वय विचारलं नाही. म्हणाला, “यात काम काय करता, ताई?”

मी सांगितलं. पेजमेकर, जुने फॉन्ट, डोंगल. तो हसला. “म्हणजे विंडोजला हात लावायचा नाय. फॉरमॅट नको, अपडेट नको. बरोबर?” मला त्या क्षणी तिथंच पैसे काढून द्यावेसे वाटले. इतक्या लोकांनी हा लॅपटॉप पाहिला, पण हा प्रश्न त्यानं एकट्यानं विचारला. दुरुस्ती म्हणजे काय काय बदलायचं एवढंच नसतं, काय बदलायचं नाही हे आधी ठरवावं लागतं, आणि ते मशीनवर लिहिलेलं नसतं. ते गिऱ्हाईकालाच विचारावं लागतं.

त्यानंतर त्याचे हात चालले ते बघण्यासारखं होतं. आधी बाजूला पडलेला एक मॉनिटर जोडून चित्र बघितलं, स्वच्छ. मग मशीन पुन्हा सुरू करून विंडोज यायच्या आधीच्या निळ्या-करड्या सेटअपच्या पानावर थांबवलं. रेघ तिथंही होती, म्हणजे विंडोज किंवा स्क्रीनच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरचा संबंध नाही. मग झाकण अगदी हळू मागे-पुढे नेलं आणि काळोख होतो तो कोन पेन्सिलीनं टेबलावरच्या कागदावर मारला. शेवटी अंगठा चौकटीच्या खालच्या काठावर, रेघेच्या बरोबर खाली ठेवून दाबला. रेघ गेली. अंगठा उचलला, आली. “दोन आजार आहेत,” तो म्हणाला. “केबल वेगळी, पॅनल वेगळं. एक केलं आणि दुसरं ठेवलं तर महिन्यानं परत याल.”

मी विचारलं, दाबल्यावर रेघ जाते तर तिथं सोल्डरचा डाग देऊन जोडता नाही का येणार? त्यानं मान हलवली. काठावरच्या चिपच्या पट्ट्या काचेला डाग देऊन जोडलेल्या नसतात. मध्ये एक चिकट थर असतो, त्यात डोळ्याला दिसणार नाहीत असे वीजवाहक गोळे. उष्णता आणि दाब देऊन ती पट्टी काचेवर बसवतात. वर्षानुवर्षं गरम-गार होऊन आणि दमट हवेनं तो थर सैल पडतो. पुन्हा बसवायला वेगळं यंत्र लागतं. मोठ्या टीव्हीसाठी ते करणारे लोक शहरात आहेत, पण लॅपटॉपच्या पॅनलला तो खर्च परवडत नाही. मुंबईच्या हवेत चार महिने कपडे वाळत नाहीत, तिथं या चिकट थरानं एवढी वर्षं काढली हेच खूप, असं माझं मत.

झाकण उघडायला त्यानं आधी बॅटरी काढली. चौकटीच्या कोपऱ्यांतली रबरी बुचं टोकानं उचकटली, त्याखाली स्क्रू. मग मुदत संपलेलं एटीएम कार्ड फटीत घालून कड-कड करत चौकट सोडवली. पॅनल पुढे कीबोर्डवर पालथं झोपवलं आणि त्याच्या पाठीवरचं स्टिकर दाखवलं. झाकणावर एका कंपनीचं नाव आणि आत पॅनल दुसऱ्याच कंपनीचं. नंबर एलपीनं सुरू झाला तर एलजीचं, एलटीएननं झाला तर सॅमसंगचं, बीनं झाला तर एयू ऑप्ट्रॉनिक्सचं. लॅपटॉपच्या मॉडेलवर पॅनल मागवायचं नसतं ते याचसाठी. एकाच मॉडेलात निरनिराळी पॅनलं बसवलेली असतात. खरं माप, पिनांची संख्या आणि स्क्रूच्या जागा या स्टिकरावरून ठरतात. त्यानं खाली फोन लावला: “पंधरा-सहा एलईडी, फॉर्टी पिन, नॉर्मल. स्लिम नाय, नॉर्मल!” पंधरा-सहा म्हणजे 15.6 इंचाची स्क्रीन. 40 पिन म्हणजे जुनी पद्धत, नंतरच्या पॅनलांना साधारणपणे 30 पिना असतात आणि ती एकमेकांत बसत नाहीत. थोड्या वेळानं एक पोऱ्या खोकं घेऊन वर आला. चकचकीत की मॅट असा पर्याय होता. माझी खिडकी पाठीमागे आहे, मी मॅट घेतलं.

केबल बाहेर आली तेव्हा काळोखाचं कारण हातात मिळालं. बिजागरीतून जिथं ती वळते तिथं काळी टेप फाटून आतल्या केसासारख्या तारा उघड्या पडल्या होत्या, आणि त्यांतल्या दिव्याकडे जाणाऱ्या तारा अर्ध्या तुटलेल्या. चित्राच्या आणि दिव्याच्या तारा एकाच केबलीतून, पण वेगवेगळ्या जातात, म्हणून तर त्या रात्री चित्र राहिलं आणि उजेड गेला. बिजागरी इतकी घट्ट झाली होती की झाकणाच्या प्रत्येक हालचालीला केबल पिळली जात होती. त्यानं बिजागरीचा स्क्रू जरा ढिला केला, नवी केबल जरा सैल वळण देऊन बसवली, आणि पॅनल घट्ट बसवण्याआधी नुसतं टेकवून चालू केलं. पूर्ण लाल, पूर्ण हिरवा, निळा, पांढरा, काळा, एकेक रंग लावून आम्ही दोघं मेलेला ठिपका शोधत होतो. मी प्रूफ वाचते तसं डावीकडून उजवीकडे, ओळ सोडून न देता वाचलं. एकही नाही. “ताई, तुम्ही इथंच बसा,” तो म्हणाला, “माझी सगळी पॅनलं तपासून द्या.”

पॅनल, केबल आणि मजुरी मिळून पाच हजारांच्या आत. दुकानातल्या मुलाच्या हिशोबानं मी दोन हजारांच्या मशीनवर पाच हजार घातले, म्हणजे वेडीच. माझ्या हिशोबात एका पुस्तकाची पानं नव्यानं टाइप करून, तपासून, लावायला जे लागतं त्याच्यापुढे हे काहीच नाही, आणि माझ्याकडे कपाटभर पुस्तकं आहेत.

जुनं पॅनल त्यानं ठेवून घेतलं. दिव्याची एलईडीची पट्टी चांगली आहे, मागचे पांढरे पत्रे चांगले आहेत, कुणाच्या तरी कामाला येतील. त्याच्या मागच्या फळीवर अशा पॅनलांची थप्पी होती, त्यात काही फार जुनी. एकाला नाक लावून बघा म्हणाला. शिरक्यासारखा आंबट वास. काचेवरची जी ध्रुवणाची, म्हणजे एकाच दिशेनं कंपणारा प्रकाश सोडणारी, फिल्म असते तिच्यात सेल्युलोज ॲसिटेट असतं, आणि ते उष्ण, दमट हवेत कुजायला लागलं की ॲसेटिक आम्ल सुटतं. जुन्या सिनेमांच्या रिळांना हाच रोग होतो. याच रस्त्यावर नाझ थिएटरच्या इमारतीत सिनेमाच्या वितरकांची कार्यालयं होती, म्हणजे रिळांचे डबे इथंच ये-जा करायचे. रिळं आणि लॅपटॉप एकाच रोगानं आजारी पडतात ही माहिती मला छापखान्यात नाही, या माळ्यावर मिळाली. ज्या जुन्या पॅनलांत एलईडीऐवजी बारीक नळी असते ती मात्र तो फोडत नाही. तिच्यात थोडा पारा असतो. ती वेगळ्या खोक्यात जातात, ई-कचरा नेणाऱ्याकडे.

घरी आल्यावर पहिले दोन दिवस नवी स्क्रीन निळसर वाटली. पांढरं पान ट्यूबलाइटखाली धरल्यासारखं. रंगांच्या सेटिंगमध्ये निळा थोडा कमी केला. सासूबाईंना टीव्ही परत मिळाला, पण त्या मधूनच विचारतात, “त्या कथेचं पुढे काय झालं? नवरा परत आला का तिचा?” अंक छापून झाल्यावर त्यांना एक प्रत नेऊन दिली. त्यांनी आणखी दोन चुका काढल्या.

त्या मुलानं निघताना सांगितलं होतं, “झाकण कोपऱ्याला धरून उघडू नका, मध्ये धरा. पॅनल चालेल अजून. बोर्डाचं मी सांगू शकत नाय. तोपर्यंत फायली काढून घ्या.” म्हणून आता उलटं काम सुरू केलंय: जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचं. त्यासाठी कन्व्हर्टर आहेत, पण त्यांच्या भरवशावर डोळे मिटून बसता येत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. रफार तर उलट बाजूनं उडी मारतो. साध्या अक्षराला हे जमतं, ‘र्‍य’ किंवा तीन मजली जोडाक्षर आलं की वेलांटी भलत्याच घरात जाऊन बसते. म्हणजे प्रत्येक पान पुन्हा वाचायचं. मोठा कोश आहे एक, तो बघून छातीत धडधडतं, त्याला अजून हात लावलेला नाही. कविता आधी घेतल्यात. त्यांत शब्द कमी असतात.